संध्याकाळी सातची नावं

रवि. ९ नोव्हें.

हे शिबिरातून आले. 'सुखी कुटुंब' शिबिर, होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयात, जेवणासकट. मी गेले नाही. पेपर तपासायचे होते, आणि नसते तरी गेले नसते. आल्या आल्या, चप्पल अजून पायातच, जाहीर केलं: उद्यापासून संध्याकाळी सातला सगळ्यांनी एकत्र बसायचं, दिवा लावायचा, प्रत्येकानं आपल्या जवळच्या एका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी देवाकडं मागायचं. स्वतःसाठी काही मागायचं नाही. एकदा सवय लागली की घराचं नंदनवन होतं म्हणे.

मी विचारलं, "जेवलेलं ताट उचलून ठेवायची सवय लावतात का तिथं?"

वक्त्यांच्या कानाला माईक होता, ते रडले, सगळा हॉल रडला, असं सांगत बसले. डाळीची आमटी मात्र झकास होती म्हणाले. एवढंच खरं असणार.

सोम. १० नोव्हें.

बसलो. सोफा सरकवून सतरंजी. पूजा (लेक, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष) मांडीवर मोबाईल पालथा घालून. आत्या (सासूबाई) त्यांच्या घोंगडीच्या घडीवर. सुरुवात अर्थात ह्यांची. डोळे मिटून, आवाज जड करून, "देवा, माझ्या थोरल्या भावाला सद्बुद्धी दे. बांधावरची चिंच आमच्या वाटणीतली होती, हे त्याच्या ध्यानात येऊ दे."

मी म्हटलं, "ही प्रार्थना आहे की तलाठ्याकडं अर्ज?"

"सुनंदा, टिंगल नको."

माझी पाळी आली. मी नळाचं नाव घेतलं. जवळचा आहे, बरेच दिवस आला नाही, सगळे वाट बघतायत. पूजा फिसकन हसली. तिनं मैत्रिणीचं, ऐश्वर्याचं नाव घेतलं, तिचा राहिलेला पेपर सुटावा म्हणून. आत्या समोरच्या मालनबाईंच्या पोरीसाठी बोलल्या, "तिचं जमू दे." मग बराच वेळ ओठ हलत राहिले. ऐकू काही आलं नाही. म्हटलं असेल काही स्तोत्रबित्र.

शनि. १५ नोव्हें.

आठवडाही झाला नाही आणि फॅमिली ग्रुपवर रोज फोटो. आम्ही तिघी, डोळे मिटलेले, मध्ये दिवा. फोटो कोण काढतं? हेच. म्हणजे ह्यांचे डोळे उघडे. खाली लिहितात 'आजची प्रार्थना संपन्न'. जशी काही पाण्याच्या टाकीची पायाभरणी झाली.

नातेपुत्याच्या वन्संनी त्यावर हात जोडले आणि स्वतःच्या माणसांची नावं पाठवून दिली. नणंदावा, मेव्हणा, दुकानातला पोरगा, पोरग्याची आई. "तुम्ही बसताच आहात तर आमचीही घ्या." स्वतः बसायला काय होतं? तर त्या वेळेला मालिका असते. हे बिचारे कागदावर उतरवून घेऊन वाचतात. सोलापुरात देवाची शाखा उघडलीय आणि मॅनेजर माझ्या पदरात पडलाय.

मंगळ. १८ नोव्हें.

आज लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

विजया आणि मी एका शाळेत, स्टाफरूममध्ये एका टेबलावर, लग्नाच्या आधीपासून. ती गणित, मी भूगोल. सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली, घरात तेलुगू, मागच्या शेडमध्ये नवऱ्याचे यंत्रमाग. माझ्यावर ओरडायची मुभा असलेली जगातली एकमेव बाई. दिवाळीआधीपासून जिना चढताना तिला धाप लागत होती. मी म्हणायचे, वजन कमी कर. आज डबा खाताना, लोणच्याची फोड बाजूला करत, सांगितलं: हृदयाची एक झडप खराब झालीय. बदलावी लागणार. छाती उघडून. पुढच्या महिन्यात.

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "मग जिना हळू चढ की, भवाने."

ती हसली. मी वर्गात गेले आणि दख्खनच्या पठाराच्या नकाशासमोर उभी राहिले, खडू हातात तसाच. पोरींना वाटलं बाई चिडल्यात. मला भीती वाटतेय.

संध्याकाळी सातला मी पुन्हा नळाचंच नाव घेतलं. विजयाला त्या वन्संच्या यादीत कुठं बसवू? दुकानातल्या पोरग्याच्या आईशेजारी?

शुक्र. २१ नोव्हें.

मालनबाईंच्या पोरीचं जमलं. बार्शीचा मुलगा. मालनबाई पेढे घेऊन आल्या. हे तर असे फुलले, जसं काही स्थळ ह्यांनीच आणलं. "बघा, प्रार्थनेची ताकद!"

आत्यांनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "मालन, आता बोकडाचं बगा. लगीन व्हायच्या आत मसोबाला द्याला लागंल."

"कसला बोकड?"

"मी बोलले न्हवं तुज्या नावानं. पोरीचं जमलं की मालन तुला बोकड दील म्हून."

मालनबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. चातुर्मासात त्यांच्या उंबऱ्याच्या आत कांदा येत नाही. त्यांच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स तिरका झाला. "अहो आजी, आम्ही माळकरी! बोकड?"

"मसोबाला म्हाईत हाय का तुमी माळकरी ते? आता बोलून बसले की मी."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात, ऐकलं होतं. माळकऱ्याच्या घरावर बोकड हे आमच्या घरातच बघायला मिळालं. मालनबाई रडत गेल्या. पेढे मात्र राहिले. ह्यांनी दोन खाल्ले.

शनि. २२ नोव्हें.

सकाळी आत्यांना समोर बसवलं. म्हटलं, खरं सांगा, अजून कुणाकुणाच्या नावानं काय काय बोललात?

सगळ्यांच्या. कुणालाच सोडलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या वॉचमनचा पाय बरा झाला की तो मंगळवेढ्यापासून आमच्या सासरच्या गावी म्हसोबापर्यंत अनवाणी येणार. वन्संचा मेव्हणा दारू सुटली की देवळाला घंटा बांधणार. पूजाची ऐश्वर्या पेपर सुटला की केस देणार.

पूजा किंचाळली, "आज्जी! केस? तिचे कमरेपर्यंत आहेत! स्ट्रेटनिंग केलंय तिनं!"

"म्हून तर बोलले. जे लाडकं आसतं त्येच द्याचं आसतं."

मी विचारलं, "नुसतं मागता येत नाही का? काही न कबूल करता?"

आत्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जसं काही मला बे दुणे किती तेही येत नाही. "फुकाट मागायचं? तू कुनाच्या दारात रिकाम्या हातानं जातीस का? शेजारनीकडं वाटीभर साकर आनायला गेलीस तर वाटी तरी न्हेतीस न्हवं?"

"मग स्वतःचं काही द्यायचं कबूल करा ना. दुसऱ्याचं कशाला?"

"बरं कुनाचं व्हनार? त्येचं. मग द्याला बी त्येनंच पायजे. मी मधी दिलं तर त्येला काय किंमत ऱ्हायली?"

हे मध्ये बोलायला गेले, की शिबिरात निरपेक्ष भाव सांगितला होता. आत्यांनी त्यांना मंडईतनं मेथी आणायला धाडलं.

आणि नाही फेडलं तर? "मसोबा सोडत न्हाय," एवढंच. तेही पाऊस येणार आहे, कपडे काढा, असं सांगतात तशा आवाजात.

आता एक गोष्ट पक्की. विजयाचं नाव ह्या घरात सातच्या दिव्यासमोर निघता कामा नये. ती शनिवारचा उपास धरणारी, मांजर आडवं गेलं तर पाच पावलं मागं येणारी. तिला कुणी सांगितलं की तुझ्या नावावर म्हसोबाचा बोकड आहे, तर ऑपरेशनच्या टेबलावर बोकडाचीच काळजी करील. झडप राहिली बाजूला.

सोम. २४ नोव्हें.

बोकडाचं मिटलं. बोकडाऐवजी कोहळा कापायचा. आत्या आधी तयार नव्हत्या, "बदली चालत न्हाय." मग मालनबाईंच्या नवऱ्यानं विचारलं, कोहळा मोठा आणला तर? आत्यांनी विचार केला. "लई मोटा आना." देव आणि माणूस यांच्यात ज्या घासाघिशी चालतात, त्यापुढं मंडई परवडली.

ह्यांनी नवीन नियम काढला, फक्त नाव घ्यायचं, बाकी कुणी काही बोलायचं नाही. आत्या "बरं" म्हणाल्या. आज सातला त्यांचे ओठ आधीपेक्षा जास्त हलत होते.

शुक्र. २८ नोव्हें.

वाईट झालं.

मधल्या सुट्टीत विजयानं विचारलं, "तुमच्यात रोज सगळ्यांची नावं घेतात म्हणे. पूजा सांगत होती. माझं घेता ना?"

खोटं बोलता आलं असतं. हजार वेळा बोलते. पण तिच्याशी जमत नाही. म्हणाले, "नाही."

"पूजा घेत नाही?"

"मीच तिला नको म्हटलं."

तिनं डबा झाकला. मी सांगायला लागले, अगं आत्या नवस बोलतात, तुझ्या नावानं बोकडबिकड, तुला उगाच घोर... हे बोलत असताना माझं मलाच कळत होतं, किती फालतू वाटतंय.

"तू कुणाचं नाव घेतेस मग?"

मी सांगितलं. नळाचं.

"नळाचं." ती उठली. टेबलाला धरून उभी राहिली, धाप लागली होती. "तुला देव नको, ते मला माहीत आहे. मी तुझ्या देवाला थोडंच मागत होते? तुझ्या तोंडातून माझं नाव निघावं एवढंच. वॉचमनचं निघतं. नळाचं निघतं."

आणि वर्गावर गेली. जिना हळूहळू चढत. मी मागं गेले नाही. एवढ्या शहाण्या बाईला मागं जायला सुचलं नाही.

मंगळ. २ डिसें.

ती कालपासून रजेवर. तारीख ठरली, पुढच्या बुधवारी. मला मुख्याध्यापिका बाईंकडून कळलं. फोन केला, उचलला नाही. मेसेजला नुसत्या निळ्या खुणा.

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. श्रीनिवासनी (तिच्या नवऱ्यानं) दार उघडलं. माग बंद होते. त्या घरात इतक्या वर्षांत मी कधी मागाची खटखट नसताना गेले नव्हते. आवाजाचा त्रास होतो म्हणून थांबवलेत. "झोपलीय ती, वहिनी," म्हणाले. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. त्यांनीही ऐकला, मीही ऐकला. दोघं उंबऱ्यावर उभे. मग मी म्हणाले, बरंय, निघते.

सातला ह्यांनी चिंचेचं परत काढलं. मी म्हणाले, "ती चिंच तोडून जाळा एकदाची." मी नाव घेतलं नाही, कुणाचंच. पूजानं माझ्याकडं बघितलं आणि तिनंही घेतलं नाही.

शनि. ६ डिसें.

लिहायला लाज वाटते. कुणी वाचणार नाही, तरी वाटते.

सातला बसलो. माझी पाळी आली. मी म्हणाले, "विजया."

ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, जशी भिंत बोलली. पुढं काय म्हणतात ते मला येईना. मी आत्यांकडं वळले. "बोला की. काय बोलायचं ते बोला. बोकड म्हणा, कोंबडं म्हणा."

"मी न्हाय बोलनार."

"का? साऱ्या गल्लीचं बोललात की!"

"ते येगळं. ही तुजी हाय. जिच्या पोटात तुटतंय तिनं बोलावं."

"मी तुमच्या म्हसोबाला मानत नाही, आत्या."

"त्येला कुटं ठाव हाय? तू बोल."

पूजा हसली नाही. मला वाटलं होतं हसेल, मग मलाही हसून उठता आलं असतं. काय देणार मी? पैसे फेकणं सोपं. केस माझे असून नसून सारखे. मग सासरचं ते गाव डोळ्यांसमोर आलं. तिथं गाडीतून उतरले की धूळ लागू नये म्हणून मी निऱ्या उचलून चालते आणि पारावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. मी म्हणाले, "विजया बरी झाली तर मी वेशीपासून देवळापर्यंत दंडवत घालत येईन."

म्हणजे पालथं पडायचं, हात लांब करायचे, हात पोचले तिथं उठून उभं राहायचं, परत पालथं पडायचं. देवळापर्यंत. त्या बायांसमोर. त्या धुळीत.

आत्यांनी डोळे उघडले. "येस लई लांब हाय. तुजी कंबर धरती. पारापासनं बोल."

"वेशीपासून."

"बग बया. बोललं की सुटका न्हाय. झेपंल तेवडंच..."

"वेशीपासून म्हटलं ना!" ओरडलेच मी. दिवा हलला.

आत्या म्हणाल्या, "बरं. येशीपासनं," आणि हात जोडले. ह्यांनी आज फोटो काढला नाही. काढला असता तर मोबाईल फोडला असता.

शिकलेली बाई. पोरींना ग्रहणं कशी लागतात ते शिकवते. काय हे!

सोम. ८ डिसें.

विजया ॲडमिट. भेटायची वेळ चार ते सहा. दारातच उभी राहिले. तिनं मान वळवून बघितलं, परत खिडकीकडं वळवली. श्रीनिवास चहाच्या निमित्तानं बाहेर गेले, शहाणा माणूस.

मी प्रस्तावना न करता सांगून टाकलं. वेस, धूळ, दंडवत, सगळं.

ती पूर्ण वळली. "नीकु पिच्चा?" (वेड लागलं का, असं ती तेलुगूतून फक्त मलाच विचारते.) "तू? साऱ्या गावासमोर? ह्या साडीत?"

"साडी जुनी नेसेन."

हसायला लागली. हसता हसता धाप, पलंगाचा कठडा धरला, सिस्टर धावत आली आणि माझ्यावरच ओरडली. विजया खुणेनंच तिला म्हणाली, असू दे, असू दे. दम परत आल्यावर म्हणाली, "मला बघायला यायचंय. मी सावलीत खुर्ची टाकून बसणार. बर्फाचा गोळा खात."

"ये की. तेवढ्यासाठी तरी नीट हो."

मग माझा हात ओढून घेतला. "भीती वाटते गं."

"मला पण."

भांडण मिटलं का, ते कुणी विचारलं नाही. मोसंबी तिच्यासाठी आणलेली, सोलून मीच खात बसले. ती म्हणाली, "बघ, माणूस मरायला टेकलं तरी हिचं तोंड चालूच."

बुध. १० डिसें.

हॉस्पिटलात लिहितेय, शाळेच्या पाठकोऱ्या कागदावर. घरी जाऊन वहीत चिकटवीन.

सकाळी आत नेलं. दुपारपर्यंत होईल म्हणाले होते. दुपार गेली. चारच्या सुमारास एक तरुण डॉक्टर बाहेर आला. झडप बसवलीय, पण यंत्र काढलं की हृदय आपलं आपण नीट चालत नाहीये, प्रयत्न चालू आहेत. श्रीनिवासनी तीन वेळा विचारलं, "म्हणजे काय?" त्यानं तीन वेळा तेच सांगितलं. मग तो आत गेला आणि परत कुणी आलं नाही.

श्रीनिवास तेव्हापासून भिंतीकडं बघत बसलेत. मी त्यांना बिस्किटं दिली, ती त्यांनी खिशात घातली. कॉरिडॉरमध्ये एका पेशंटचे नातेवाईक मोबाईलवर मोठ्यानं व्हिडिओ बघतायत. त्यांचा मला इतका राग आलाय की बरं वाटतंय.

सातला फोन आला. पूजा. स्पीकरवर टाकला होता. "मम्मी, आम्ही बसलोय." मागून हे म्हणाले, "दिवा लावलाय. आज फक्त विजयाताईंचंच." चिंच नाही, यादी नाही, वन्सं नाहीत. मग आत्यांचा आवाज, जवळून, फोन तोंडाला लावल्यासारखा, "सुनंदा, तुजी पाळी."

बाकावरनं उठले. कुणी बघतंय का ते बघितलं नाही. म्हणाले, "विजया. ऐकतोयस ना रे? बरी झाली तर वेशीपासून दंडवत घालत येणार, ते बोलले आहे, त्यात बदल नाही. आणि नाही झाली तरी येणार. पण मग दंडवत घालणार नाही. तुझ्या दारात उभी राहीन आणि जाब विचारीन. साऱ्या गावादेखत. उत्तर दिल्याशिवाय हलणार नाही."

व्हिडिओ बंद झाला. तिकडून पूजाचं नुसतं "मम्मी..." वाटलं, आता आत्या म्हणतील, तोंड धू, देवाला असं बोलत्यात व्हय.

पण आत्या म्हणाल्या, "तसं झालं तर मी बी येते तुज्यासंगं. माजं बी लई इचारायचं ऱ्हायलंय."